पाइपातली हवा

दिनूभाऊ चुरींना कोणी वाटेत भेटून "काय, कसं काय?" विचारलं की ते "पाणी फिरतंय" एवढंच म्हणायचे. वसईजवळच्या उमेळ्यात नवीन राहायला आलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा अर्थ लागायचा नाही. मला वाटायचं, केळींना पाणी सोडलंय असं सांगतायत. पुढे कळलं की ते बोटीवर सेकंड इंजिनिअर होते, आणि तिथे पाळी संपवून वर जाणारा माणूस खाली येणाऱ्याला पहिली गोष्ट हीच सांगतो, की इंजिनाचं थंड पाणी नीट फिरतंय. बाकीचं सगळं त्यानंतर.

त्यांच्या चुलतभावाने शेजारची वाडी विकली आणि तिथे आमची इमारत उभी राहिली. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिनूभाऊंचं कौलारू घर, विहीर, केळीच्या रांगा आणि विहिरीला लागून असलेली पत्र्याची शेड दिसायची. एका रविवारी सकाळी त्या शेडमधून असा आवाज सुरू झाला की घरात बोललेलं ऐकू येईना. मोटारसायकलसारखा, पण कितीतरी मोठा. मी चार शब्द सुनावायच्या तयारीने खाली उतरलो.

शेडमध्ये चौकोनी नळ्यांचा एक बुटका सांगाडा होता. त्याला चार चाकं आणि एक स्टिअरिंग. साठीकडे झुकलेले एक उंच गृहस्थ त्यात डोकं घालून वाकले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या बाटलीत बघा जरा. बुडबुडे येतायत का?"

इंजिनाकडून आलेली एक बारीक नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली होती. मी वाकून बघितलं. "येतायत," म्हणालो.

"मोठे की बारीक?"

"बारीक."

"म्हणजे अजून आहे आत हवा." त्यांनी इंजिन बंद केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आवाजासाठी आलात ना? आजच्यापुरतं संपलं." घराकडे तोंड करून त्यांनी दोन चहा सांगितले. तक्रार राहूनच गेली.

ते इंजिन एका अपघातात सापडलेल्या परदेशी मोटारसायकलचं होतं, कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेलं. सांगाडा, फायबरचं अंग, चाकं असा सगळा संच मुलुंडच्या कोणा हौशी माणसाने जमवला होता आणि कंटाळून टाकून दिला होता. दिनूभाऊंनी तो टेम्पोत घालून आणला. मोटारसायकलवर असलं इंजिन वाऱ्यातच असतं आणि रेडिएटर त्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावर. ह्या गाडीत इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पार नाकाशी. तापलेलं पाणी मागून पुढे जायचं, गार होऊन पुढून मागे यायचं. जायचा पाइप आणि यायचा पाइप दोन्ही दोन सीटच्या मधल्या पोकळीतून नेलेले. "तेवढं एक पाण्याचं काम राहिलंय," दिनूभाऊ म्हणायचे. वर्ष उलटलं तरी ते तेवढंच राहिलेलं होतं.

त्यांच्या काही सवयी बोटीवरून त्यांच्याबरोबर उतरल्या होत्या. घरात चालताना एक हात भिंतीला लागलेला असायचा. जिना नसलेल्या त्या घरात ते ओटीच्या दोन पायऱ्या उलटं तोंड करून उतरायचे. आणि कुठल्याही गोष्टीला ते हाताची मागची बाजू लावून बघायचे. चहाचा पेला, विहिरीच्या पंपाची मोटर, केळीचं खोड, बायकोचं कपाळ, सगळ्याला तीच परीक्षा. तळहाताला काम करून करून घट्टे पडलेले असतात, त्याला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बायकोचं कपाळ मात्र ते दिवसातून अनेकदा बघायचे, ताप नसतानाही.

मालतीबाई त्यांच्याहून बऱ्याच लहान दिसायच्या. बोलायला मोकळ्या, हसऱ्या, पण कंबरेतून अडखळत चालायच्या. हे त्यांनीच आमच्या घरी, अगदी सहज सांगितलं. आमच्या येण्याआधी काही वर्षांची गोष्ट. एका लग्नाहून परतताना त्यांची बंद गाडी मिठागराच्या कालव्यात उलटली. आतल्या माणसांच्या खाली त्या दबल्या. पाणी हनुवटीपर्यंत, दार वरच्या बाजूला आणि ते उघडेना. लोकांनी पत्रा कापून काढेपर्यंत त्या तशाच होत्या. खुब्यात सळई बसवली, ते दुखणं बरं झालं. पण त्यानंतर छप्पर असलेल्या कुठल्याही वाहनात त्यांना बसता येईना. रिक्षातसुद्धा. चाक हललं की छाती आवळायची, हातपाय गार पडायचे. न्हाणीला कडी लावता येत नव्हती. झोपायच्या त्या ओटीवर, थंडीतही.

अपघात झाला तेव्हा दिनूभाऊ कुठल्या तरी समुद्रात होते. निरोप पोचून त्यांना उतरवून घ्यायला महिना गेला. सहा महिन्यांची रजा घेऊन आले आणि परत गेलेच नाहीत. मुलगी लग्न होऊन पुण्याला होती, घरात तिसरं कोणी नव्हतं. मालतीबाईंना एकटं वाटलं की त्यांचा श्वास वर यायचा, म्हणून दिनूभाऊंच्या हाकेच्या टप्प्यात राहण्याचा नियम झाला. हाक विहिरीपर्यंत पोचायची. शेड विहिरीला लागून का होती, हे मला तेव्हा समजलं.

आणि मालतीबाईंचं माहेर भुईगावला. मध्ये पापडी आणि गिरीज ओलांडलं की आलंच. आई थकलेली, अंथरुणाला खिळलेली. ती येऊ शकत नव्हती, ह्या जाऊ शकत नव्हत्या. भाऊ येऊन खुशाली सांगून जायचा. एवढ्या जवळ राहून मायलेकींनी एकमेकींना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. स्कूटरवर खुब्यामुळे बसता यायचं नाही, तेवढं अंतर पायी जाता यायचं नाही. म्हणून बिनछपराची, बिनदारांची, ओटीवर बसल्यासारखं बसता येईल एवढी बुटकी गाडी.

"मग उघडी जीप का नाही घेतली?" मी एकदा विचारलं. सगळेच विचारायचे.

"उंच असते. तिला चढता येणार नाही."

"पायरी बसवता आली असती."

दिनूभाऊ पाण्याच्या रबरी होजची क्लिप आवळत होते. त्यांनी ती पुरी आवळली, मग सैल केली, मग पुन्हा आवळली. "आली असती," म्हणाले.

मालतीबाईंना हे माहीत होतं. एकदा माझी बायको त्यांच्याकडे भाजी निवडत बसली होती, मी कशाला तरी गेलो होतो. शेडमधून ठोकाठोक ऐकू येत होती. बायको म्हणाली, "तुमच्यासाठी किती करतात हो दिनूभाऊ."

"माझ्यासाठी?" मालतीबाई देठ मोडत म्हणाल्या. "माझ्यासाठी ते बोटीवरून उतरले. ही गाडी त्यांची स्वतःची आहे. असू दे, माणसाला काहीतरी स्वतःचं लागतं. पण लोक मला सांगतात ना, तुझ्यासाठी चाललंय, तुझ्यासाठी चाललंय, तेव्हा वाटतं की ह्या माणसाला मी बांधून ठेवलंय. आणि मग मला इथेसुद्धा, ह्या ओटीवर, तसंच होतं."

त्यांनी मोडलेले देठ बाजूला सारले. मग शेडच्या दिशेने ओरडल्या, "जेवायला या." ठोकाठोक लगेच थांबली. इतकी लगेच थांबली की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पाण्याच्या कामाने दिनूभाऊंचा पिच्छा पुरवला. आधी त्यांनी वाडीतले लोखंडी पाइप वापरले, ते आतून गंजून पाणी लाल झालं. मग वसई पूर्वेच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टेनलेसचे पाइप वाकवून आणले. पंखा भंगारातल्या मोटारीचा होता, तो त्यांनी मुद्दाम हाताच्या बटणावर ठेवला. आपोआप चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. आपोआप चालणारं आपोआप बंदही पडतं, म्हणायचे. खरं दुखणं वेगळंच होतं. मागून येणारा पाइप सीटच्या पाठीशी एका आडव्या नळीवरून उंच चढून मग खाली उतरत होता. त्या उंचवट्यावर हवा अडकायची. हवा अडकली की पाणी पुढे सरकायचं नाही, इंजिन उकळायचं, आणि तापमानाचा काटा मात्र बराच वेळ काही दाखवायचा नाही. दिनूभाऊ गाडीचं नाक जॅकवर उचलायचे, शेपूट उचलायचे, होज दाबदाबून हवा हुसकायचे. शेडमध्ये सगळं ठीक व्हायचं. वाडीत दोन फेऱ्या मारल्या की कुठूनतरी पुन्हा यायची.

"बोटीवर असं झालं तर?" मी विचारलं होतं.

"बोटीवर चारी बाजूंनी समुद्र. पाणी आत घ्यायचं, बाहेर टाकायचं. इथे तेच तेच पाणी. तेच गरम होणार, तेच गार होणार. जाणार कुठे?"

पहिल्यांदा ते दोघं बाहेर पडले तेव्हा आमच्या इमारतीतले सगळे गॅलरीत उभे होते. फायबरचं अंग लाल रंगवलेलं. मालतीबाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. बसताना दोन्ही हातांनी पुढची कड घट्ट धरली, वर आभाळाकडे बघितलं आणि मान हलवली. गाडी गल्लीतून निघून गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता, मग पापडीच्या बाजूला विरला.

बाजारातच घात झाला. पुढे भाजीचा टेम्पो अडकला, मागे रिक्षा येऊन उभ्या राहिल्या. ह्या गाडीला मोटारसायकलचेच गियर, म्हणजे मागे जायची सोय नाही. इंजिन उभ्या उभ्या तापलं आणि सीटच्या मागून वाफेचा लोट उठला. गाडी पेटली असं समजून माणसं आधी पळाली आणि मग, काही पेटलेलं नाही असं दिसल्यावर, दुप्पट संख्येने परत आली. लाल बुटक्या गाडीभोवती माणसांची भिंत झाली. कोणी बोनेट ठोकून बघतंय, कोणी "काका, घरी बनवली का?" विचारतंय. दिनूभाऊ "बाजूला व्हा, तिला हवा लागू द्या" म्हणत होते. लोकांना वाटलं, इंजिनाबद्दल बोलतायत.

मालतीबाईंची शुद्ध हरपली नाही, पण त्या उठूही शकत नव्हत्या. शेवटी दोन कोळणींनी शिव्या देऊन गर्दी हटवली आणि त्यांना धरून एका दुकानाच्या फळीवर बसवलं. रिक्षा आणली, ती त्यांनी नुसती मान हलवून परत पाठवली. त्या घरी आल्या त्या हातगाडीवरून, रिकाम्या टोपल्यांच्या मध्ये बसून, पदर चेहऱ्यावर ओढून. दिनूभाऊ हातगाडीच्या कडेला धरून चालत होते. मी फाटकाशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी तिथे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

गाडी रात्री ढकलत आणून शेडमध्ये ठेवली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिथून आवाज आला नाही. मालतीबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या असं नाही. मीठ संपलंय, पंप बंद करा, एवढं बोलायच्या. दिनूभाऊ विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचे. शेडमध्ये जाऊन बसावं तर गाडी समोर, घरात बसावं तर बायको समोर. वाडीच्या तिन्ही बाजूंना तोवर इमारती चढल्या होत्या. संध्याकाळी ऊन विहिरीवर पोचायच्या आतच निघून जायचं.

मग एका सकाळी मालतीबाईंचा भाऊ सायकलवरून आला. आईने अन्न सोडलं होतं. तो ओटीवर न बसताच परत गेला. मी कामावर निघालो होतो, फाटकात थबकलो. मालतीबाई आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. सरळ शेडकडे चालत गेल्या, आणि मला धावत जावंसं वाटलं एवढ्या अडखळत त्या गाडीत बसल्या.

दिनूभाऊ मागोमाग गेले. "अजून हवा पुरती गेलेली नाही."

"मग वाटेत काढा."

"पुन्हा मध्येच..."

"मध्येच झालं तर मध्येच बसू. चला."

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. स्कूटरच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन ठेवून त्यांच्या मागे निघालो. बाजार टाळून आतल्या गल्ल्यांनी गेलो. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, नारळ, मध्येच एखादा क्रूस. पुढे दोघांची डोकी दिसत होती, एक पांढरं आणि एक रुमाल बांधलेलं. गिरीजच्या पुढे एका वळणावर दिनूभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तापमान चढलंय," ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

मालतीबाई खाली उतरल्या नाहीत. त्यांचा उजवा हात दोन सीटच्या मधल्या पोकळीत होता. खुबा दुखायला लागला की त्या तिथल्या पाइपाचा शेक घेत असाव्यात. त्या म्हणाल्या, "हा एक पाइप मघापासून भाजतोय. ह्याच्या शेजारचा गार आहे. पण गार म्हणजे अगदीच गार. पाणीच नसल्यासारखा."

दिनूभाऊंनी वाकून हाताची मागची बाजू लावली. मग हळूहळू हात पाइपावरून सरकवत सीटच्या पाठीकडे नेला, आणि त्या उंचवट्याच्या थोडं अलीकडे थांबवला. शेडमध्ये ह्या शेजारच्या सीटवर कधी कोणी बसलेलंच नसायचं. त्यांनी एकट्यानेच ती तपासली होती. आता मालतीबाईंच्या वजनाने सीटची पाठ मागे रेलून रबरी होज दाबली गेली होती, आणि तिथे एक नवाच उंचवटा झाला होता.

"तू जराशी पुढे हो," ते म्हणाले.

त्या सरकल्या. आम्ही इंजिन बरंच निवू दिलं. तिथल्या वाडीतल्या एका बाईने न विचारता घागर आणून ठेवली. दिनूभाऊंनी आपल्या सदऱ्याच्या पट्ट्या करून होज वर बांधून घेतली, क्लिपवर ओला टॉवेल गुंडाळला आणि ती थोडी सैल केली. आधी फुसकारा आला, मग थुंकल्यासारखं पाणी, मग पुन्हा हवा. त्यांच्या मनगटावर गरम पाणी उडालं, पण त्यांनी हात काढला नाही. मी रेडिएटरच्या टाकीत पाणी ओतत होतो. शेवटी क्लिपखालून पाण्याची सलग धार लागली. त्यांनी ती आवळली, इंजिन सुरू केलं आणि बायकोकडे बघितलं. काट्याकडे नाही.

मालतीबाई हात पाइपावर ठेवून वाट बघत होत्या. "अजून नाही," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "नाही." मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "आलं. कोमट आलं."

उरलेली सगळी वाट त्यांनी तो हात तिथून काढला नाही.

भुईगावच्या घरात म्हातारी खाटेवर होती. डोळे मिटलेले. मालतीबाई पायाशी बसल्या आणि "आई" म्हणाल्या. म्हातारीने डोळे उघडले, बराच वेळ बघितलं, आणि घरातल्या कोणाला तरी उद्देशून म्हणाली, "उन्हातनं आली. तिला पानी दे आधी." एवढंच. आम्ही दोघं अंगणात आलो. दिनूभाऊ उघड्या अंगाने गाडीच्या कडेवर बसले. मनगट लाल झालं होतं, फोड यायला लागले होते.

म्हातारी त्यानंतर काही आठवडे जगली. मालतीबाई शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. आणि त्या परत आल्यावर जे झालं त्याची कोणीच अपेक्षा केली नव्हती. आधी त्या गाडीतून पापडीपर्यंत जायला लागल्या. मग एकदा, एक पाय बाहेर टाकून, रिक्षात बसल्या. मग मुलीच्या मोटारीत, चारी काचा खाली करून, तालुक्याच्या गावापर्यंत. मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा त्या त्याच मोटारीतून पुण्याला गेल्या. नातवात रमल्या, आणि वर्षातले बरेचसे महिने तिकडेच राहायला लागल्या. न्हाणीला कडी लावते, असं त्यांनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं.

दिनूभाऊ मोकळे झाले. मुंबईला बोटीच्या ऑफिसात जाऊन आले. परत आले तेव्हा मी फाटकाशी भेटलो.

"काय म्हणाले?"

"चहा दिला. चांगला होता." मग म्हणाले, "बोटी बदलल्यात. मी गेलो तर मलाच पहिल्यापासून शिकायला लागेल. आणि माझं वय बघून मला कोण शिकवणार?"

पुण्यालाही जाऊन आले. आठवड्यातच परतले. तिथे मुलगी म्हणे त्यांना हातसुद्धा लावू द्यायची नाही कशाला. इथे वाडी होती, पंप होता, आणि वाडी घ्यायला येणाऱ्या लोकांना नाही म्हणायचं काम होतं. हाक मारणारं कोणी नव्हतं, तरी ते विहिरीच्या पलीकडे फारसे जायचे नाहीत. माझ्या हे लक्षात आलं होतं. त्यांच्या आलं होतं की नाही, माहीत नाही.

गाडी आता उत्तम चालत होती. उंचवट्यावर त्यांनी हवा काढायचा स्क्रू बसवला होता, टाकी उंच केली होती. पण तिला नंबर नव्हता आणि मिळणारही नव्हता. रस्ते मोठे झाले, नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहायला लागले. दोनदा अडवून समज देऊन सोडलं. आमच्या शेजारच्या इमारतीने कुंपणाची भिंत बांधली, तेव्हा गल्लीतून गाडी जेमतेम निघू लागली. माझी बदली झाली आणि आम्ही वसई सोडली ती त्याच सुमारास.

त्यानंतर काही वर्षांनी एका नातेवाइकाकडे भुईगावला गेलो होतो. दुपार कलल्यावर सगळे किनाऱ्यावर फिरायला गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडताच तो आवाज ऐकू आला, आणि मी ओळखला. ओल्या, घट्ट वाळूवरून लाल गाडी येत होती, नाके टाळून आतल्या गल्ल्यांनी आणलेली असणार. दिनूभाऊ एकटेच होते. अंगात पांढरा सदरा, पाठ ताठ. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. ते किनाऱ्याच्या एका टोकाला गेले, मोठा वळसा घेऊन फिरले आणि दुसऱ्या टोकाला गेले. तिथून पुन्हा वळले. मी हात वर केला. त्यांनीही केला, पण थांबले नाहीत.

भरती सुरू झाली होती. प्रत्येक फेरीला पाणी थोडं वर यायचं आणि घट्ट वाळूचा पट्टा अरुंद व्हायचा. ते समुद्राकडे बघत नव्हते. पट्टा जेवढा उरला असेल तेवढ्यातून नेमकी गाडी नेत होते. आमची मुलं थंडी वाजते म्हणायला लागली, तेव्हा आम्ही निघालो. वळून बघितलं तेव्हा चाकांची एक बाजू पाण्यातून चालली होती, आणि ते टोकाला पोचून पुन्हा वळत होते.